परकीय भाषेच्या वर्गात ब्लेंडेड पद्धत: विद्यार्थ्यांचा प्रत्यक्ष अनुभव काय?

प्रश्न | फोंड्याची_जर्मनशिक्षिका

नमस्कार. मी गोव्यातल्या फोंड्यात संध्याकाळच्या खाजगी वर्गात जर्मन शिकवते. ए१ आणि ए२ या अगदी सुरुवातीच्या पातळ्यांच्या तुकड्या माझ्याकडे असतात. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी आणि हॉटेलांत नोकरी करणारे तरुण असतात, आणि अलीकडे जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकाही बऱ्याच येऊ लागल्या आहेत. आतापर्यंत सगळे शिकवणे वर्गातच होत असे. येत्या जूनपासून मात्र निम्मे तास वर्गात घ्यावेत आणि उरलेला भाग विद्यार्थ्यांनी व्हिडिओ, ऑनलाइन स्वाध्याय आणि अधूनमधून गूगल मीटवरचा एखादा तास यांच्या आधारे घरून पुरा करावा, असे संचालकांनी सुचवले आहे.

या पद्धतीला माझा तत्त्वतः विरोध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये अशा ब्लेंडेड, म्हणजे मिश्र, पद्धतीविषयी जो संकल्पना-मसुदा काढला, त्यात कोणत्याही अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवलेली होती. पण तो मसुदा अर्थशास्त्राला आणि जर्मनला एकच माप लावतो, आणि माझी अडचण नेमकी तिथे आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी घरी प्रकरण वाचून आला तर त्याचे काम बरेचसे झालेले असते. माझा विद्यार्थी घरी प्रकरण वाचून आला तरी समोरच्या माणसाला दोन वाक्ये बोलून दाखवेपर्यंत त्याला भाषा आली असे मला म्हणता येत नाही.

म्हणून हा प्रश्न ज्यांनी कोणतीही परकीय भाषा अशा मिश्र पद्धतीने शिकली आहे, त्यांच्यासाठी आहे. ‘चांगले होते’, ‘सोयीचे होते’ एवढ्यावर कृपया थांबू नका. घरून करायच्या कामांपैकी तुम्ही खरोखर काय केलेत आणि कशावर नुसती ‘पूर्ण’ अशी खूण केलीत? वर्गातले काय काढून घेतले असते तर तुम्ही तक्रार केली असती? उत्तर अडचणीचे असले तरी चालेल, पण खरे असावे.

उत्तर १ | सत्तरीहून_परिचारिका

बाई, नमस्कार. माझे परिचर्येचे शिक्षण पूर्ण झाले आहे आणि सध्या मी जर्मनची ए२ नंतरची बी१ पातळी करत आहे. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी२ लागते, त्यामुळे अजून वाट बरीच आहे. ए१ मी पूर्णपणे वर्गात बसून शिकले आणि ए२ अर्धे वर्गात, अर्धे घरून. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी शिकले. नावे देत नाही.

आधी जे उपयोगी पडले ते सांगते. व्याकरणाचा व्हिडिओ थांबवता येतो आणि मागे नेता येतो, ही गोष्ट बोलायला किरकोळ वाटते, पण जर्मनसारख्या भाषेत ती फार मोठी आहे. तीन लिंगे ही कल्पना आपल्याला मराठीमुळे परकी नसते. मात्र मराठीतली लिंगे आपल्याला न शिकता आलेली असतात आणि जर्मनमधली एकेक करून पाठ करावी लागतात, आणि वर विभक्ती बदलली की नामाआधीचे उपपदही बदलते. ‘डेर बुस’ म्हणून शिकलेली बस ‘बसने’ असे म्हणताना ‘मिट डेम बुस’ होते. वर्गात हा तक्ता फळ्यावर आला तेव्हा मी तो निमूटपणे उतरवून घेतला होता, समजला नव्हता. घरी व्हिडिओ थांबवून, वहीत तोच तक्ता स्वतः मांडून, चुकले की पुन्हा मागे जाऊन पाहिल्यावर तो समजला. शिवाय रात्रपाळीच्या आठवड्यात माझा वर्ग बुडत असे, पण धडा बुडत नसे. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ए१ ते बी१ पातळ्यांचा मोफत अभ्यासक्रम आमच्या बाईंनी सुचवला होता; तो मी कंटाळा न येता पाहिला, कारण त्यात एक कथा पुढे सरकत असते.

आता तक्रार. सुरुवातीला आम्ही बहुतेक सगळ्याजणी व्हिडिओ पाहून वर्गात जात होतो. पण काहीजणी पाहून येत नसत. त्यांची अडचण होऊ नये म्हणून बाई वर्गाच्या सुरुवातीला तोच भाग पुन्हा शिकवत आणि त्यात निम्मा तास संपत असे. ज्यांनी घरी काम केले होते त्यांना पुन्हा तेच ऐकत बसावे लागे. थोड्याच दिवसांत आम्हालाही कळून चुकले की व्हिडिओ पाहिला काय आणि न पाहिला काय, वर्गात तो पुन्हा शिकवला जाणारच आहे. मग मीही तो मोबाईलवर लावून ठेवत असे आणि स्वयंपाकघरात काम करत असे. पूर्ण झाल्याची हिरवी खूण त्यावर आपोआप येत असे. तुम्ही नुसत्या खुणेविषयी विचारलेत, त्याचे माझे उत्तर हे आहे. आळस थोडा होताच, तो नाकारत नाही. पण घरच्या कामाशी वर्गाचा काही संबंध उरला नव्हता, हे त्याचे मोठे कारण होते.

याच्या नेमके उलटेही होऊ शकते, आणि माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत ते झाले. तिच्या वर्गात तासांची संख्या तशीच राहिली आणि घरचे काम वर लादले गेले. ती त्याला ‘दीड कोर्स’ म्हणत असे. आठवड्याला एवढे व्हिडिओ, एवढे स्वाध्याय, एवढे लेखन, आणि वर्गाचे तास आहेत तेवढेच. दवाखान्यात ड्युटी करून हे होत नाही. तेव्हा तुमच्या संचालकांनी ‘निम्मे घरून’ म्हटले असेल तर त्या निम्म्याचे तास आधी मोजून घ्या. नाहीतर ते निम्मे कधी पाऊण होते ते शिकवणाऱ्यालाही कळत नाही.

बोलण्याविषयी एकच सांगते. ए१ च्या तोंडी परीक्षेत चारजणांपर्यंतचा गट एकत्र बसतो. आधी स्वतःची ओळख करून द्यायची असते, मग हातात आलेल्या चिठ्ठीवरच्या शब्दावरून शेजाऱ्याला प्रश्न विचारायचा असतो आणि शेवटी चित्र पाहून एखादी विनंती करायची असते. वर्गात आम्ही हे खऱ्या चिठ्ठ्या घेऊन करत असू आणि समोरच्या मुलीच्या चेहऱ्यावरून तिला प्रश्न कळला की नाही ते समजत असे. मीटवर आम्हाला छोट्या गटांच्या खोल्यांत पाठवले की बाई येईपर्यंत आम्ही कोकणीत गप्पा मारत असू आणि त्या डोकावल्या की आमचे जर्मन सुरू होत असे. वर्गातला हा चिठ्ठ्यांचा भाग काढून घेतला असता तर मी नक्कीच तक्रार केली असती.

उत्तर २ | पेडण्याचा_वाचक

मी पोर्तुगीज विषय घेऊन पदवीला आहे. वरच्या ताईंनी व्याकरणाविषयी लिहिले त्याच्याशी सहमत आहे, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. माझा मुद्दा घरी वापरल्या जाणाऱ्या साधनांविषयी आहे, कारण या बाबतीत विद्यार्थ्याला कोणी सावध करत नाही.

पहिल्या वर्षी आमच्यापैकी बहुतेकांनी सरावासाठी मोबाईलवर ड्युओलिंगो घेतले. फुकट आहे, रोज आठवण करून देते, गुण देते; त्यामुळे घरच्या अभ्यासाचा प्रश्न सुटला असे वाटले. पण त्यावरची पोर्तुगीज ब्राझीलची आहे आणि गोव्यात सर्वसाधारणपणे शिकवली जाते ती पोर्तुगालच्या वळणाची. फरक थोडाथोडका नाही. ‘शुभ दिवस’ म्हणताना लिस्बनचा माणूस ‘बों दीअ’ म्हणतो, तर ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी ‘बों जीअ’ ऐकू येते. बसला एकीकडे ‘आउतोकार्रु’ आणि दुसरीकडे ‘ओनिबुस’. ‘मी बोलत आहे’ या अर्थाची वाक्यरचनासुद्धा दोन्हीकडे वेगळी आहे. शिवाय पोर्तुगालमधले लोक आघात नसलेले स्वर इतके गिळतात की, ब्राझीलच्या मोकळ्या उच्चारांवर वाढलेल्या कानाला लिस्बनच्या बातम्या सुरुवातीला समजतच नाहीत. आम्ही घरून एक भाषा करून येत होतो आणि वर्गात दुसरी बोलली जात होती. चूक अॅपची नव्हती. ब्राझीलची पोर्तुगीज काही कमी दर्जाची नाही आणि तिचे भाषकही कितीतरी अधिक आहेत. पण घरचा आणि वर्गाचा भाग एकमेकांना पूरक हवेत असे म्हणायचे आणि घरी काय ऐकावे ते विद्यार्थ्यावर सोडून द्यायचे, हे दोन्ही एकत्र कसे जमणार?

आमच्या शिक्षकांना हे लवकर लक्षात आले. त्यांनी घरच्या कामात एक वेगळी गोष्ट आणली, आणि माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमात तीच सर्वांत चांगली होती. गोवा मुक्तीपूर्वी, पोर्तुगीज राजवटीत शिकलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाशी पोर्तुगीजमध्ये थोडा वेळ बोलायचे, ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायचे आणि त्यातला एक छोटा भाग वर्गात सगळ्यांना ऐकवायचा. आमच्या वाड्यावर ‘सेगुंद ग्राव’ (तेव्हाची पोर्तुगीज प्राथमिक शाळेची परीक्षा) झालेले एक आजोबा आहेत. वय ऐंशीच्या पुढे. घरात मराठी, बाहेर कोकणी, आणि पोर्तुगीज बोलायला कोणी समोर नाही म्हणून ती गेली कित्येक वर्षे पडून राहिलेली. मी ‘बों जीअ’ म्हणताच त्यांनी मला थांबवले आणि ‘दीअ, दीअ’ असे माझ्याकडून घोटून घेतले. पुढचा प्रश्न विचारायला परवानगी त्यानंतरच मिळाली. ते ध्वनिमुद्रण वर्गात ऐकवले तेव्हा त्यांच्या बोलण्यातले गिळलेले स्वर फळ्यावर एकेक करून लिहिण्यात तास गेला. घरी केलेले काम वर्गाच्या मध्यभागी आलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

जर्मनसाठी असे आजोबा फोंड्यात मिळणार नाहीत, हे मान्य आहे. पण किनाऱ्यावरच्या हॉटेलांत काम करणारे तुमचेच विद्यार्थी आहेत. पाहुण्यांची परवानगी घेऊन दोन-चार वाक्ये ध्वनिमुद्रित करून आणणे त्यांना अशक्य नसावे.

एक गोष्ट मात्र घरून शिकण्याच्या बाजूने. वर्गासाठी पेडण्याहून ताळगावला जायचे म्हणजे म्हापशाला आणि पणजीला बस बदलावी लागते. ज्या दिवशी एकच तास असतो त्या दिवशी तेवढ्यासाठी जाणे जिवावर येते. तास कोणते घरून ठेवायचे ते ठरवताना हा विचारही व्हावा.

उत्तर ३ | वाळपई_पलीकडे

थोडक्यात लिहितो. पावसात आमच्याकडे वीज जाते आणि विजेबरोबर नेटवर्कही जाते. व्हिडिओ देणार असाल तर त्यासोबत त्याचाच नुसता ऑडिओ द्या, तो लहान असतो आणि एकदा उतरवून घेतला की बसमध्येही ऐकता येतो. रात्री ११:५९ ला बंद होणारी क्विझ तर कृपया ठेवूच नका. मला फ्रेंच येत नव्हते म्हणून गुण गेले असते तर मी ते मानले असते. वीज नव्हती म्हणून गेले ते मला अजूनही पटत नाही. बाकी पद्धतीविषयी माझी तक्रार नाही, ऐकण्याचा सराव मी घरीच जास्त केला.

उत्तर ४ | म्हापशाचा_कायदाविद्यार्थी

येथे सर्वांनी बोलण्यावर भर दिला आहे, म्हणून थोडा विरुद्ध सूर लावतो. मी कायद्याचे शिक्षण घेत असून एका वकिलांच्या कार्यालयात उमेदवारी करतो आणि पोर्तुगीज शिकतो ती वाचण्यासाठी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला विवाह आणि पती-पत्नींच्या मालमत्तेचा भाग गोव्यात अजून लागू आहे. जुनी खरेदीखते, वाटणीचे कागद, गावकीच्या जमिनींचे उतारे हे सगळे पोर्तुगीजमध्ये आहे आणि अशिलांच्या पेटाऱ्यांतून आमच्या टेबलावर येत असते. मला लिस्बनमध्ये कॉफी मागवायची नाही. चतुःसीमा वाचता आल्या तरी माझे काम झाले.

अशा विद्यार्थ्याला मिश्र पद्धत वर्गापेक्षाही सोयीची आहे, असे माझे मत आहे. याचे एक अगदी व्यवहारातले उदाहरण देतो. जुन्या हस्तलिखिताचा एकच कागद असतो. वर्गात दहाजणांनी त्याभोवती गर्दी केली तर पहिल्या दोघांनाच अक्षर दिसते. त्याच कागदाचे स्कॅन ऑनलाइन तासाला पडद्यावर घेतले की, प्रत्येकाला ते आपापल्या पडद्यावर दिसते. सर एकेका शब्दावर बाण ठेवून तो मोठा करत आणि लेखनिकाने टाक उचलला कुठे, दोन शब्द जोडले कुठे, कोणते अक्षर संक्षेपाने वर लिहिले, हे सगळे सांगत. १९११ च्या शुद्धलेखन-सुधारणेआधीच्या कागदांत ‘फ’ या उच्चारासाठी पुष्कळ ठिकाणी पी आणि एच ही दोन अक्षरे येतात, व्यंजनेही विनाकारण दुहेरी असतात, त्यामुळे आजच्या शब्दकोशात तो शब्द सापडतच नाही. हे पडद्यावर दोन्ही रूपे शेजारी ठेवून जितके स्पष्ट झाले तितके फळ्यावर झाले नसते. रेकॉर्डिंग हाताशी असल्यामुळे पुढे कार्यालयात तसाच कागद आला तेव्हा मी तो भाग पुन्हा पाहिला.

तेव्हा बाई, आपल्या तुकडीत कोण कशासाठी जर्मन शिकतो आहे हे आधी विचारून घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. सगळ्यांना एकच मिश्रण दिले तर त्यातला निम्मा भाग कोणाच्या ना कोणाच्या निरुपयोगाचा ठरेल.

एक कबूल केले पाहिजे: तोंडी परीक्षेत मला काठावरचे गुण होते.

उत्तर ५ | फ्रेंचचे_जुने_शिक्षक

मी उच्च माध्यमिक स्तरावर आणि नंतर खाजगी वर्गांत फ्रेंच शिकवत आलो आहे. प्रश्न विद्यार्थ्यांना विचारलेला आहे, याची जाणीव ठेवून, विद्यार्थ्यांच्या मतांचे काय करावे एवढ्यापुरतेच लिहितो.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने ऑनलाइन शिक्षणाविषयीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१० मध्ये प्रसिद्ध केले होते. नुसत्या वर्गापेक्षा मिश्र पद्धतीत शिकलेल्यांची कामगिरी सरासरीने सरस असल्याचे त्यात दिसले, आणि तेवढेच वाक्य संचालक मंडळींच्या सादरीकरणांत येत असते. त्याच अहवालात अशी सावधगिरीही दिलेली आहे की, मिश्र पद्धतीतल्या विद्यार्थ्यांना बहुधा अधिक वेळ आणि अधिक साहित्य मिळालेले होते, त्यामुळे सुधारणेचे श्रेय माध्यमाला देता येत नाही. हे वाक्य सहसा कोणी दाखवत नाही. वर परिचारिका ताईंनी ‘दीड कोर्स’ म्हणून जे सांगितले, ते याच गोष्टीचे दुसरे अंग आहे: निकाल सुधारला तर तो दीडपट अभ्यासामुळे सुधारला की पडद्यामुळे, हे वेगळे काढणे अवघड असते. तुमच्या संचालकांना तासांचा खर्च वाचवायचा असेल तर या अहवालाचा आधार त्यांना घेता येणार नाही.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांच्या समाधानाविषयी. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या तासांना विद्यार्थ्यांना स्वतः गटात बसून प्रश्न सोडवावे लागले, त्या तासांना ते चाचणीत अधिक शिकलेले आढळले. पण आपण कमी शिकलो, असे त्यांनी स्वतः सांगितले. सुरेख व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि स्वतः धडपडताना काहीच येत नसल्यासारखे वाटते, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे. भाषेच्या वर्गात हे अधिकच तीव्र असते. छान चित्रित केलेला व्हिडिओ पाहून ‘आवडला’ असे लिहिणारा विद्यार्थी आणि वर्गात अडखळत बोलल्यामुळे ‘अवघड गेले’ असे लिहिणारा विद्यार्थी, यांतला कोण अधिक शिकला हे अभिप्रायाच्या कागदावरून कळत नाही. म्हणून ‘आवडले का’ असे न विचारता ‘काय केलेत’ असे तुम्ही विचारले आहे, ते मला योग्य वाटते.

आता थोडे उच्चारांविषयी, कारण त्या बाबतीत मी हट्टी आहे. फ्रेंचमध्ये एक स्वर आहे, ज्यासाठी जीभ ‘ई’च्या जागी ठेवून ओठांचा मात्र ‘ऊ’सारखा चंबू करावा लागतो. जर्मनमध्येही तो आहे, तेव्हा तुम्हाला नव्याने सांगायला नको. मराठी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी तो पहिल्यांदा कधीच येत नाही. वर्गात मी बाकांमधून फिरत असे आणि आवाज ऐकण्याआधी ओठ पाहून चूक कुठे आहे ते सांगत असे. ऑनलाइन तासाला माझे ओठ विद्यार्थ्यांना उत्तम दिसत, किंबहुना वर्गातल्या मागच्या बाकावरून दिसले नसते इतके. पण त्यांचे ओठ मला दिसत नसत, कारण कॅमेरे बंद असत. आणि सर्वांनी एकसुरात म्हणायचा सराव तर तिथे होतच नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा मागेपुढे पोचतो, त्यात एका वेळी एकच आवाज पुढे आणण्याकडे त्या यंत्रणेचा कल असल्यामुळे बाकीचे आवाज मध्येच कापले जातात. ज्या मुलाला एकट्याने बोलायची लाज वाटते त्याला कोरसात लपून बोलता येते, चूक झाली तरी कोणाला ऐकू जात नाही आणि चार वेळा म्हटल्यावर ती आपोआप सुधारतेही. ऑनलाइन तासाला हा आडोसा त्याला मिळत नाही. म्हणून लाजाळू विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन बरे असे जे सरसकट म्हटले जाते, ते मला लेखनापुरतेच खरे वाटते.

परीक्षेच्या दृष्टीने पाहिले तरी हिशेब सरळ आहे. डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र-परीक्षेच्या ए१ पातळीत श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ५० पुरतात, मात्र प्रत्येक भागात किमान ५ मिळवावेच लागतात. विद्यार्थी घरून जे करतो त्यातून पहिल्या दोन भागांची तयारी बऱ्यापैकी होते, तिसऱ्याची होते पण तपासणारा शिक्षक हवा, आणि चौथ्यासाठी समोर माणूस लागतो. कायद्याच्या विद्यार्थीमित्रांनी वाचनापुरती भाषा शिकण्याचा जो मुद्दा मांडला आहे तो मला पूर्ण मान्य आहे. पण जर्मन शिकणाऱ्या परिचारिकेला रुग्णाच्या बोलण्यातूनच काम काढायचे असते.

प्रश्नकर्ती | फोंड्याची_जर्मनशिक्षिका

सर्वांचे आभार. इतकी नेमकी उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती. माझ्या मनात जे ठरत आले आहे ते लिहिते.

घरच्या भागात व्याकरणाचे छोटे व्हिडिओ आणि श्रवणाचा सराव ठेवीन. दोन्हींचे ऑडिओ वेगळे देईन आणि क्विझला आठवडाभराची मुदत ठेवीन. व्हिडिओतला भाग वर्गात पुन्हा शिकवणार नाही. त्याऐवजी वर्गाची सुरुवात त्या भागावर बेतलेल्या चिठ्ठ्यांनी करीन, म्हणजे ज्याने घरी काम केले आहे त्याला लगेच बोलायला मिळेल. वर्गाचे तास मात्र निम्मे करायला मी तयार नाही. ते थोडे कमी करता येतील, आणि जे राहतील त्यांत बोलण्याखेरीज दुसरे काही होणार नाही, असे संचालकांना सांगेन. सरांनी दिलेला अहवालातला दुसरा भाग त्या बैठकीत मला उपयोगी पडेल. पाहुण्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करण्याच्या सूचनेबाबत हॉटेलांचे नियम आड येतील असे वाटते. पण पाहुण्याशी झालेला संवाद रात्री आठवून लिहून आणणे त्यांना जमेल.

परिचारिका ताईंना एक विचारायचे आहे. व्हिडिओ न पाहता येणाऱ्यांचे काय करावे? त्यांच्यासाठी वर्ग थांबवायचा नाही हे ठरले, पण त्यांतल्या काहींची अडचण खरीच असते. एखादीची सलग ड्युटी असते, एखादीच्या घरी मोबाईल दोघांत एक असतो. त्यांना चिठ्ठ्यांच्या खेळात नुसते बसवून ठेवणे मला बरे वाटत नाही.

उत्तर ६ | सत्तरीहून_परिचारिका

बाई, त्यांना बसवून ठेवू नका, विचारणाऱ्याच्या बाजूला घ्या. चिठ्ठीवर प्रश्न छापलेला असला की व्हिडिओ न पाहिलेल्या मुलीलाही तो वाचून विचारता येतो, आणि समोरचीचे उत्तर ऐकता ऐकता तिला रचना कळू लागते. बी१ ला आता आमच्याकडे असेच करतात. तीच मुलगी प्रत्येक वेळी विचारणारी राहू लागली तर मात्र तिला बाजूला घेऊन विचारावे लागेल. आणि वर्गाच्या आधी अर्धा तास खोली उघडी ठेवता आली तर फार बरे होईल. घरी मोबाईल मिळत नाही अशा आमच्या वर्गातल्या दोघी-तिघी तिथेच एका मोबाईलवर व्हिडिओ पाहून घेत असत.